पॅरिश कौन्सिल नेमकं करते काय, आणि तिच्याकडून काम कसं करून घ्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑक्सफर्डशरमधल्या एका खेड्यात एका मराठी जोडप्याने गेल्या वर्षी घर घेतलं. गल्लीतल्या रस्त्याला खड्डे आहेत, घरामागची पायवाट शेतकऱ्याने तार ओढून बंद केली आहे, आणि समोरच्या शेतात चाळीस घरं बांधण्याचा अर्ज आला आहे. तिन्ही तक्रारी घेऊन दोघं पॅरिश कौन्सिलच्या बैठकीला गेले आणि तिन्हींवर ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं ऐकून घरी आले. कौन्सिल टॅक्सच्या (घरावरच्या स्थानिक कराच्या) बिलात मात्र पॅरिशच्या नावाने वेगळी रक्कम लागते. त्यांचा सवाल : ‘ही इथली ग्रामपंचायतच ना? मग हे लोक करतात तरी काय?’

मी इंग्लंडमधल्या दोन लहान पॅरिशांची क्लार्क आहे. म्हणजे तुम्हाला ज्या टेबलावरून नकार मिळाला, तसल्याच टेबलामागे बसणारी. तुम्हाला मिळालेलं उत्तर चूक नव्हतं, पण अर्धं होतं. ‘आमच्याकडे येत नाही, पण आम्ही हे हे करू शकतो’ असं ते असायला हवं होतं.

आधी ग्रामपंचायत डोक्यातून काढा. आपल्याकडे पंचायत घरपट्टी वसूल करते, जन्म-मृत्यूची नोंद ठेवते, घराचा नमुना आठचा उतारा देते, नळाला पाणी सोडते. इथली पॅरिश कौन्सिल यातलं काहीच करत नाही. तिच्याकडून कुठलाही दाखला मिळत नाही. ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा नोकर असतो, मी मात्र पॅरिशची नोकर. कौन्सिलर मला पगार देतात आणि स्वतः बहुतेक ठिकाणी फुकट काम करतात. आणि इथे सरपंच नाही. चेअरमन असतो, पण त्याला बैठक चालवण्यापलीकडे आणि समसमान मतं पडली तर जादा मत देण्यापलीकडे फारसा अधिकार नाही. कायद्याने कौन्सिल आपलं काम समितीकडे किंवा क्लार्ककडे सोपवू शकते, एकट्या कौन्सिलरकडे नाही. त्यामुळे चेअरमन पबमध्ये भेटला आणि ‘बघतो मी’ म्हणाला, तर त्याला काडीचाही अर्थ नाही. भला माणूस असेल तर तो मला ईमेल करेल, इतकंच.

चर्चशीही हिचा संबंध नाही. वसईहून किंवा गोव्याहून आलेल्यांचा हा गोंधळ हमखास होतो. गावचा कारभार पूर्वी चर्चच्या सभेतच चालायचा, पण १८९४ च्या कायद्याने तो वेगळा काढून निवडून आलेल्या कौन्सिलकडे दिला. चर्चची आपली वेगळी कौन्सिल असते. तिचं नाव इतकं सारखं आहे की माझ्याकडे दर वर्षी कुणी ना कुणी लग्नाची तारीख विचारायला येतंच.

पॅरिशच्या वर तुमच्याकडे दोन थर आहेत : मोठ्या भागाची काउंटी कौन्सिल आणि त्यातल्या लहान भागाची डिस्ट्रिक्ट कौन्सिल. रस्ते, पायवाटा, शाळा, वृद्धांची देखभाल काउंटीकडे. बांधकाम परवाने, कचरा आणि कौन्सिल टॅक्सची वसुली डिस्ट्रिक्टकडे. बकिंगहॅमशरमध्ये २०२० पासून आणि सॉमरसेट, नॉर्थ यॉर्कशरमध्ये २०२३ पासून हे दोन्ही थर एकच झाले आहेत, म्हणून तिकडच्या मित्रांचा सल्ला जसाच्या तसा उचलू नका. पॅरिशकडे हुकूम सोडायची ताकद फारच थोडी. तिची ताकद वेगळ्या ठिकाणी आहे. काही गोष्टी तिने लेखी आणि मुदतीत म्हटल्या, तर वरच्यांना त्या कानाआड करता येत नाहीत. तुमच्या तिन्ही तक्रारी मी याच अंगाने बघते.

सगळ्यात घाईचा विषय घरांचा, कारण त्यात घड्याळ चालू आहे. अर्ज आला की डिस्ट्रिक्ट पॅरिशला कळवतं आणि मत द्यायला साधारण २१ दिवस मिळतात. मोठ्या अर्जावर, म्हणजे दहा किंवा जास्त घरांच्या, डिस्ट्रिक्टने १३ आठवड्यांत निर्णय द्यावा अशी अपेक्षा असते. पॅरिशची बैठक महिन्यातून एकदा, काही ठिकाणी दोन महिन्यांनी. म्हणजे अर्जाची मुदत दोन बैठकांच्या मधल्या फटीत निघून जाऊ शकते. चांगली क्लार्क अशा वेळी मुदतवाढ मागते किंवा खास बैठक लावते, पण त्यासाठी गावातून कुणीतरी टोचावं लागतं. आज ईमेल करा. विचारा : या अर्जावर कौन्सिल कधी चर्चा करणार, आणि मुदत कधी संपते?

हरकत घेताना भारतीय माणूस (मीही पूर्वी असंच लिहायचे) सगळा राग ओततो : आमच्या घराची किंमत पडेल, खिडकीतून दिसणारं हिरवं शेत जाईल, बिल्डर लबाड आहे. यातलं एकही वाक्य कामाचं नाही. नियोजनाच्या कायद्यात घराची किंमत आणि खाजगी खिडकीतलं दृश्य हिशेबात धरत नाहीत. बिल्डरच्या चारित्र्याशी तर त्यांना काहीच घेणंदेणं नसतं. धरतात ते असं : शेतातून रस्त्यावर येणाऱ्या गाड्यांना दोन्ही बाजूंचं पुरेसं दिसतं का, पावसाचं पाणी कुठे जाणार, सांडपाण्याची व्यवस्था चाळीस घरांचा भार घेईल का, शेजारच्या घरांत उजेड आणि खाजगीपणा किती उरतो, जवळ जुनी संरक्षित इमारत आहे का, आणि जिल्ह्याच्या विकास आराखड्यात ही जागा घरांसाठी धरली आहे का. एकच मजकूर छापून पन्नास घरांनी पाठवला तर त्याचं वजन एका पत्राहून फारसं जास्त पडत नाही. त्यापेक्षा जानेवारीत त्या शेतात तळं साचलं होतं त्याचा तारखेसह फोटो पाठवा. तो फोटो फाइलमध्ये राहतो आणि अधिकाऱ्याला त्यावर काहीतरी लिहावंच लागतं.

निर्णय पॅरिश घेत नाही, हे मात्र शंभरदा सांगावं लागतं. ती फक्त मत देते. तरीही त्या मताचा उपयोग आहे. बरेच अर्ज अधिकारीच निकाली काढतात, समितीपुढे जातच नाहीत. पॅरिशने ठोस कारणांसह विरोध केला आणि तुमच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलरने विनंती केली, तर अनेक डिस्ट्रिक्टांत अर्ज समितीपुढे उघड्या बैठकीत येतो आणि तिथे तुम्हाला तीनएक मिनिटं बोलता येतं. म्हणून डिस्ट्रिक्ट कौन्सिलरला गाठा. पॅरिशच्या बैठकीला तो बहुधा येऊन कोपऱ्यात बसलेलाच असतो.

लांबचा विचार करायचा तर गावाची नेबरहूड प्लॅन (गावाने स्वतः केलेली विकासाची योजना) आहे का, ते विचारा. २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने पॅरिशला ही योजना करता येऊ लागली. गावात सार्वमत होतं, आणि मंजूर झाली की ती जिल्ह्याच्या आराखड्याचा भागच बनते. देशातलं असलं पहिलं सार्वमत मार्च २०१३ मध्ये कंब्रियातल्या अप्पर ईडन भागात झालं. योजनेमुळे घरं थांबत नाहीत. ज्यांना वाटतं थांबतील, ते दोन-तीन वर्षं राबून निराश होतात. पण घरं कुठे व्हावीत हे गाव ठरवू शकतं. शिवाय पैशाची बाजू आहे : ज्या जिल्ह्यात बांधकामांवर पायाभूत सुविधांचा आकार लागतो, तिथे त्यातला १५ टक्के वाटा पॅरिशला मिळतो, त्यालाही वरची मर्यादा असते. योजना मंजूर असेल तर २५ टक्के. चाळीस घरं झालीच, तर या फरकातून मुलांचं खेळाचं मैदान उभं राहू शकतं.

आता पायवाट. इथे तुमची कौन्सिल सपशेल कमी पडली.

आधी ती वाट सार्वजनिक हक्काची आहे का ते बघा. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या एक्स्प्लोरर नकाशावर हिरव्या तुटक रेषेने अशा वाटा दाखवतात. पण कायद्याने पुरावा म्हणजे काउंटीकडचा डेफिनिटिव्ह मॅप. तो बहुतेक काउंट्यांच्या वेबसाइटवर दिसतो. वाटेला क्रमांक असतो, तो टिपून घ्या. वाट त्यावर असेल तर जमीन शेतकऱ्याची असली तरी चालायचा हक्क सगळ्यांचा आहे. शेतातून जाणारी पायवाट तो नांगरू शकतो, पण पहिल्यांदा जमीन हलवल्यावर १४ दिवसांत त्याने ती पुन्हा चालण्याजोगी करायची असते, किमान एक मीटर रुंद. बांधाच्या कडेने जाणारी वाट तर नांगरायचीच नाही. तार ओढून बंद करणं कुठल्याच ऋतूत चालत नाही.

तुम्ही काउंटीला तक्रार केलीत तर ती रांगेत पडेल. पायवाटांचे अधिकारी मूठभर आणि वाटा हजारो मैलांच्या, त्यामुळे ती रांग लांब असते. पण १९८० च्या हायवेज कायद्यात १३० व्या कलमाचं सहावं उपकलम आहे, आणि ते अर्ध्या पॅरिशांना माहीत नसतं. पॅरिश कौन्सिलने काउंटीला लेखी कळवलं की अमुक वाट बेकायदा अडवली आहे, तर ते कळवणं चुकीचं असल्याची खात्री पटल्याशिवाय काउंटीला योग्य ती कारवाई करावीच लागते. ‘करू शकते’ असं कायद्यात नाही, तिच्यावर तसं बंधन आहे. तुमच्या-माझ्या ईमेलला हे बळ नाही, कौन्सिलच्या ठरावाला आहे. म्हणून ‘हे आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर इथे मला खटकलं. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यायला लावा, ठरावात वाटेचा क्रमांक आणि हे कलम दोन्ही लिहायला सांगा, आणि तसं पत्र क्लार्कच्या सहीने जाऊ द्या.

त्याआधी एक काम मात्र करा : शेतकऱ्याशी बोला. कधीकधी तार गुरांसाठी तात्पुरती असते, आणि एका फाटकावर किंवा पायऱ्यांवर भागतं. गावात त्याचा ट्रॅक्टर बर्फाच्या दिवशी तुमची गाडी ओढणार असतो. कलम खिशात ठेवून चहा प्यायला काही हरकत नाही.

वाट नकाशावर नसेल तर गोष्ट लांबते. लोक वीस वर्षं बिनविरोध, परवानगी न मागता तिथून चालत असतील तर नकाशात दुरुस्तीचा अर्ज करता येतो, पण गावातल्या जुन्या माणसांचे जबाब जमवावे लागतात आणि निकालाला वर्षं लागतात. अशा वेळी जबाब आजच लिहून घ्या, कारण साक्षीदारांची वयं वाढत असतात.

खड्ड्यांचं थोडक्यात सांगते, कारण तिथे पॅरिशचा हात खरंच आखूड आहे. रस्ता काउंटीच्या ताब्यातला असेल (खाजगी असेल तर खड्डा तुमचा आणि शेजाऱ्यांचा) तर फिक्समायस्ट्रीट या वेबसाइटवर तक्रार नोंदवा, ऑक्सफर्डशर काउंटी तेच वापरते. फोटोत खड्ड्यात उभी पट्टी किंवा नाणं ठेवा. बऱ्याच काउंट्या साधारण ४० मिलिमीटर खोलीखालचा खड्डा मनावर घेत नाहीत. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा, कारण टायर फुटून भरपाई मागायची वेळ आली तर काउंटीचा ठरलेला बचाव असतो की आम्ही वाजवी काळजी घेतो, आम्हाला हा खड्डा माहीत नव्हता. आधीच्या तारखेची नोंद असली की तो बचाव लंगडा पडतो. गावातल्या प्रत्येकाने व्हॉट्सॲपवर हळहळण्याऐवजी एकेक नोंद करावी, एवढंच मी माझ्या गावांत सांगत असते.

आता ते बिलातले पैसे. त्याला प्रीसेप्ट म्हणतात. पॅरिश हिवाळ्यात पुढच्या वर्षाचा खर्च ठरवते आणि तेवढी रक्कम डिस्ट्रिक्टकडे मागते. डिस्ट्रिक्ट ती कौन्सिल टॅक्समधून गोळा करून आम्हाला देतं. समजा पॅरिशने १८,००० पौंड मागितले आणि गावातल्या घरांची गोळाबेरीज बँड डीच्या (घराच्या किमतीवरून ठरणाऱ्या करगटांपैकी हिशेबासाठी धरतात तो) ३०० घरांइतकी आहे, तर बँड डी घराला वर्षाला ६० पौंड पडतात. काउंटीने किंवा डिस्ट्रिक्टने ठरलेल्या टक्क्यापेक्षा कर वाढवला तर सार्वमत घ्यावं लागतं. पॅरिशवर असा लगाम आजवर लावलेला नाही. म्हणून बजेटच्या बैठकीला जा, ती बहुधा डिसेंबर-जानेवारीत होते. तिथे लोकांतून येऊन बसणारे बहुतेक वेळा शून्य असतात. गावाच्या पैशाचा सगळा निर्णय रिकाम्या खुर्च्यांसमोर होतो आणि एप्रिलमध्ये बिल आलं की फोन सुरू होतात. हिशेब बघायचा हक्कही तुम्हाला आहे : दर उन्हाळ्यात ३० कामाचे दिवस वह्या खुल्या ठेवाव्या लागतात, आणि जुलैचे पहिले दहा कामाचे दिवस त्यात असलेच पाहिजेत. तशी नोटीस आम्ही लावतो.

हे पैसे जातात कुठे? क्लार्कचा पगार (लहान पॅरिशमध्ये तोच मोठा आकडा, लाजण्यात अर्थ नाही), विमा, गवत कापणं, खेळाच्या मैदानाची तपासणी, बाकडी, बस थांब्याचा निवारा, काही गावांत पदपथाचे दिवे. लाल टेलिफोन बूथ. २००८ पासून बीटी कंपनी बंद पडलेला बूथ एका पौंडाला पॅरिशला देते, आणि आता कित्येक गावांत त्यात हृदय बंद पडल्यावर वापरायचं डिफिब्रिलेटर यंत्र किंवा जुन्या पुस्तकांचं कपाट असतं. पौंडाचा बूथ रंगवायला आणि काचा बसवायला शेकड्यांनी लागतात, ते कुणी सांगत नाही. तुमच्या काउंटीत ताशी २० मैलांची वेगमर्यादा हवी असेल तर ती मागणीही पॅरिशमार्फतच पुढे जाते.

एक खर्च गावकऱ्यांना कधीच दिसत नाही : चर्चचं दफनाला बंद झालेलं आवार. ते कायद्याने बंद घोषित झालं की चर्चची कौन्सिल एका लेखी विनंतीने त्याची देखभाल पॅरिश कौन्सिलच्या गळ्यात घालू शकते. तिथली कलती थडगी, दोनशे वर्षांची भिंत, जुनी य्यू झाडं, सगळं आपलं. पॅरिशला तीन महिन्यांत ठराव करून ते ओझं डिस्ट्रिक्टकडे ढकलता येतं. ते तीन महिने हातून गेले तर भिंत पडेल तेव्हा पैसे तुमच्या बिलातून.

आणि पॅरिशवर खरोखर बंधन असलेलं एक जुनं काम आहे, जे आपल्या लोकांना फार आवडतं : अलॉटमेंट, म्हणजे भाजीपाल्यासाठी भाड्याचा तुकडा. १९०८ च्या कायद्यानुसार गावातल्या सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली तर कौन्सिलला ती विचारात घ्यावीच लागते, आणि मागणी खरी असेल तर जमीन मिळवून द्यायचा प्रयत्न करावा लागतो. पूर्ण तुकडा जुन्या मापाने दहा रॉडचा, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर. मेथी आणि कोथिंबीर इथल्या उन्हाळ्यात उत्तम येते. निम्मा तुकडा मागा, पूर्ण मागून तणात हरवलेले मी खूप पाहिले.

बैठकीत काम कसं होतं, हे समजलं की अर्धा वैताग संपतो. बैठकीची नोटीस आणि विषयपत्रिका तीन पूर्ण दिवस आधी लागते. त्या पत्रिकेत नसलेल्या विषयावर कौन्सिलला निर्णय घेताच येत नाही. तुम्ही उभं राहून तार ओढल्याचं सांगितलंत तेव्हा कौन्सिलर गप्प बसले ते बहुधा यामुळे. म्हणून बैठकीच्या आठवडाभर आधी क्लार्कला ईमेल करा : एक विषय, एक पान, नकाशा, फोटो, आणि शेवटी ‘कौन्सिलने असा ठराव करावा’ असं एक वाक्य. ते शेवटचं वाक्य तुम्हीच लिहिलंत तर माझ्यासारखीचं काम सोपं होतं आणि ठराव तुमच्या शब्दांत होतो. बैठकीला हजर राहायचा हक्क १९६० च्या कायद्याने मिळाला. तो मार्गारेट थॅचरनी खासदार झाल्यावर मांडलेल्या खाजगी विधेयकातून आला, त्यांचं हाऊस ऑफ कॉमन्समधलं पहिलं भाषण त्यावरच होतं. बोलायचा हक्क मात्र कायद्यात नाही. बहुतेक कौन्सिलं सुरुवातीला पंधराएक मिनिटं लोकांना देतात, तेवढ्यात आटपा. झूमवरून हजेरी लावू म्हणाल तर करोनाकाळची ती सवलत मे २०२१ मध्ये संपली. चेशरमधल्या हँडफर्थ पॅरिशची झूमवरची आरडाओरड्याची बैठक आणि ती चालवायला आलेल्या जॅकी वीव्हर यांचा गाजलेला व्हिडिओ त्याच काळातला. आमच्या बैठका तशा नसतात. झोप येते म्हणाल तर ते खरं आहे.

कौन्सिल ऐकतच नसेल तर आणखी एक दार आहे. गावातले सहा मतदार मिळून स्वतःच पॅरिश मीटिंग बोलावू शकतात. ती कौन्सिलची नसते, सगळ्या मतदारांची असते आणि तिथे सगळ्यांना बोलता येतं. तिचा ठराव कौन्सिलला बांधत नाही, पण चाळीस माणसांनी हॉलमध्ये हात वर केल्यावर पुढच्या निवडणुकीची आठवण सगळ्यांना होते.

शेवटी तुमच्याबद्दल. भारतीय पासपोर्ट असूनही, कायदेशीर व्हिसावर इथे राहत असाल तर राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून तुम्हाला मत देता येतं. मतदार यादीत नाव घातलंत का? कौन्सिलर म्हणून उभं राहायला मात्र कायम वास्तव्याची परवानगी किंवा ब्रिटिश नागरिकत्व लागतं. ते असेल तर खेड्यात जागा मिळणं अवघड नाही, कारण उमेदवारच पुरत नाहीत. मधेच जागा रिकामी झाली की नोटीस लागते. १४ कामाच्या दिवसांत दहा मतदारांनी निवडणूक मागितली नाही तर कौन्सिल स्वतःच कुणालातरी घेते. त्यासाठी क्लार्कला अर्ज द्यायचा, बैठकीत दोन मिनिटं बोलायचं. समोरच्या शेताजवळ घर असल्यामुळे त्या अर्जावर तुमचा आर्थिक हितसंबंध येतो, म्हणून त्या एका विषयावर तुम्हाला खोलीबाहेर जावं लागेल. पायवाटेवर आणि खड्ड्यांवर मात्र खुशाल मत द्या.